विंडोज ११ च्या टास्कबारवर स्वतःचा मेनू कसा लावायचा?

टंकन_सीबीएस

नमस्कार मंडळी,

नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, वारसनोंदीचे अर्ज, अशी कामं. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडून माणसं सकाळच्या एसटीने येतात आणि त्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं असतं. काउंटरवर फाइल शोधत बसायला वेळच नसतो.

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या अलीकडे ‘मसुदे’ असं नाव दिसायचं आणि त्याला लागून दोन छोटे बाण. बाणावर क्लिक केलं की यादी वरच्या दिशेने उघडायची. त्यातल्या ‘प्रतिज्ञापत्र’वर माउस नेला की बाजूला दुसरी यादी: उत्पन्न, अधिवास, नावातील फरक, शिक्षणातील खंड, रेशनकार्ड हरवल्याबाबत. हव्या त्या ओळीवर क्लिक केलं की वर्ड उघडायचं आणि कामाला सुरुवात. मध्ये एकही खिडकी उघडायची नाही. टास्कबारवर राइट-क्लिक, मग टूलबार्स, मग न्यू टूलबार, आणि फोल्डर दाखवायचा, एवढंच करून ते लागलं होतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून नवं मशीन घेतलं. त्यात विंडोज ११ आहे. टास्कबारवर राइट-क्लिक केलं तर टास्क मॅनेजर आणि टास्कबार सेटिंग्ज एवढंच येतं. टूलबार्स कुठेच नाही. सेटिंग्जमध्ये सगळीकडे पाहिलं.

मला स्वतःला तितकी अडचण नाही, कोणती फाइल कुठे आहे ते पाठ आहे. पण माझ्याकडे नवीन मुलगी कामाला लागली आहे, टायपिंग उत्तम, इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर हात बसलेला. तिला डी ड्राइव्हमध्ये शिरून मसुदा शोधावा लागतो. तो पटकन सापडला नाही की आधीच्या पक्षकाराची फाइल उघडून त्यातली नावं बदलायची, हा मार्ग सोपा वाटतो. आमच्या धंद्यात त्याचीच धास्ती असते. वर नाव बदलतं आणि खाली सत्यापनात जुन्याच माणसाचं गाव राहून जातं. नोटरीसमोर ते निघालं तर बरं, नाही निघालं तर त्या माणसाचं काम तहसीलमध्ये अडतं.

तेव्हा विंडोज ११ वर फोल्डरचा तसाच उघडणारा मेनू टास्कबारवर लावता येतो का? पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायची तयारी आहे, पण अपडेट आलं की बंद पडेल असलं काही नको. जुनं मशीनही दुकानात आहेच, ते टाकून द्यायचं नाही.

गंगापूररोड_अकाउंट्स

ताई, विंडोज ११ मध्ये टूलबार काढून टाकलेत, ५ ऑक्टोबर २०२१ ला ते बाजारात आलं तेव्हापासूनच नाहीत. सेटिंग्जमध्ये शोधून मिळणार नाहीत.

आमच्या ऑफिसात जंप लिस्टवर भागतं. मसुद्यांचा फोल्डर माउसने ओढून टास्कबारवरच्या पिवळ्या फाइल एक्सप्लोररच्या आयकॉनवर नेऊन सोडा, तो पिन होतो. मग त्या आयकॉनवर राइट-क्लिक केलं की फोल्डरांची यादी वर येते. वर्ड आणि एक्सेललाही तसंच आहे, आयकॉनवर राइट-क्लिक केलं की अलीकडच्या फाइली दिसतात, रोज लागणाऱ्या फाइलीसमोरची टाचणी दाबली की ती वर पक्की राहते. मी जीएसटीची वर्किंग शीट अशीच ठेवली आहे. रिटर्न भरायच्या ११ तारखेच्या आधी आणि २० तारखेच्या आधी दिवसभर तीच उघडावी लागते.

उपयाद्या मात्र उघडत नाहीत, एकच पातळी.

सातपूर_आयटी

मेनूची गरजच काय? विंडोज बटण दाबा, फाइलच्या नावाची तीन अक्षरं टाइप करा, एंटर. आता सगळे असंच करतात. मेनू लावत बसण्यापेक्षा मुलीला सर्च वापरायला शिकवा, एका दिवसात हात बसेल.

नाशिकरोड_मशीनदुरुस्ती

ताई, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी नाशिकरोडला राहतो आणि वकिलांची कार्यालयं, पतसंस्था, दोन-तीन द्राक्षांची पॅकहाउस यांची मशिनं सांभाळतो. विंडोज ११ बसवून दिलं की पहिला फोन याच गोष्टीसाठी येतो.

आधी सातपूरच्या मित्राला उत्तर. सर्च चांगलं आहे, मीही वापरतो. पण सर्च करायला नाव आधी माहीत असावं लागतं. नवीन मुलीला ‘नावातील फरक’ नावाचा वेगळा मसुदा आपल्याकडे आहे हेच माहीत नसेल तर ती काय टाइप करणार? शिवाय मराठी नाव शोधायचं म्हणजे आधी कीबोर्ड मराठीवर आणायचा, आणि सर्चच्या यादीत मसुदा आणि त्यावरून केलेल्या पन्नास पक्षकारांच्या फाइली एकत्र येतात. ताईंना जी धास्ती आहे ती तिथेच खरी होते. मेनू उघडला की दुकानात कोणकोणती कामं होतात ते माणसाला दिसतं. नवीन माणूस मेनू बघून काम शिकतो. माझ्या एका वकील ग्राहकांकडे आलेली ज्युनियर मुलगी आठवडाभर नुसता मेनू उघडून एकेक मसुदा वाचत होती, आणि नंतर तिला कुणाला विचारायची गरज पडली नाही.

आता तुमच्या कामाचं. टास्कबारवर काय लावायचं हा प्रश्न नंतरचा, आधी फोल्डर नीट लावा. विंडोज १० मधला तुमचा ‘मसुदे’ टूलबार म्हणजे दुसरं काही नव्हतं, एका फोल्डरचंच ते चित्र होतं. आत फोल्डर असला की उपयादी, फाइल असली की ओळ. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर टास्कबारवर टूलबार आले तेव्हापासून हे असंच चालत होतं. दाखवायची पद्धत पुढेही बदलत राहील, फोल्डर आपला आहे. तो नीट असला की कुठल्याही पद्धतीने तो मेनू म्हणून उभा करता येतो, आणि तो विस्कटलेला असला तर महागडं सॉफ्टवेअर घेऊनही उपयोग नाही.

डी ड्राइव्हवर दोन फोल्डर करा. एकाचं नाव ‘मूळ मसुदे’, दुसऱ्याचं ‘मेनू’. खऱ्या फाइली फक्त मूळ मसुद्यांत. मेनूमध्ये एकही खरी फाइल ठेवायची नाही, फक्त शॉर्टकट. आल्ट बटण दाबून धरून फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढली की तिचा शॉर्टकट तयार होतो. त्याच्या नावात शेवटी ‘शॉर्टकट’ असा इंग्रजी शब्द येतो तो एफ-टू दाबून काढून टाका, नाहीतर मेनू वाचताना डोळ्यांना त्रास होतो.

याचा फायदा सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० चा आला, तेव्हा करारांच्या किती मसुद्यांत आकडा बदलावा लागला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. एकाच मसुद्याच्या प्रती तीन ठिकाणी पडलेल्या असल्या की दोन बदलतात आणि तिसरी राहते. शॉर्टकट असले की मूळ फाइल एकच. तोच भाडेकरार ‘भाडेकरार’ खालीही दिसू दे आणि ‘रोजचे’ खालीही दिसू दे, बदल एकदाच.

त्याहून महत्त्वाचं, मूळ मसुदे वर्डच्या साध्या फाइली म्हणून ठेवू नका, टेम्पलेट म्हणून ठेवा. मसुदा वर्डमध्ये उघडा, सेव्ह अ‍ॅज, आणि खालच्या ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘वर्ड टेम्पलेट’ निवडा. एक काळजी घ्या: हा प्रकार निवडला की वर्ड स्वतःच्या टेम्पलेटच्या फोल्डरमध्ये उडी मारतं, तेव्हा जागा पुन्हा ‘मूळ मसुदे’ निवडायची. यापुढे त्या फाइलीवर किंवा तिच्या शॉर्टकटवर डबल-क्लिक केलं की मूळ फाइल उघडतच नाही, तिची बिननावाची नवी प्रत उघडते. सेव्ह दाबलं की वर्ड नाव विचारतं. मूळ मसुद्यात कुणा पक्षकाराचं नाव शिरायचा रस्ताच राहत नाही. नाव, वय, गाव, तालुका यांच्या जागी ठळक चौकोनी कंस टाकून ठेवा आणि सत्यापनातही तेच कंस ठेवा. एखादा कंस भरायचा राहिला तर प्रिंट काढण्याआधी कंट्रोल-एफ दाबून कंसाची खूण शोधली की सापडतो. जुन्या माणसाचं नाव राहिलं तर ते शोधायचं कसं? म्हणून तुमची जी मुख्य धास्ती आहे तिच्यावर इलाज टेम्पलेट आहे. मेनूमुळे फक्त त्या टेम्पलेटपर्यंत हात पटकन पोचतो.

कायद्यातला बदल आला आणि टेम्पलेटच दुरुस्त करायचं असलं तर डबल-क्लिक न करता वर्डच्या आतून फाइल, ओपन करून ते उघडायचं.

मेनूची मांडणी. दोन पातळ्या, त्याहून खोल जाऊ नका. तिसऱ्या यादीपर्यंत माउस नेताना हात जरा सरकला की सगळं मिटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्रत्येक यादीत नऊच ओळी ठेवा आणि प्रत्येक नावाच्या आधी १ ते ९ मधला इंग्रजी अंक घाला. अंक दोन कारणांसाठी. विंडोज नावांप्रमाणे क्रम लावतं, तेव्हा ‘अ’पासून सुरू होणारं अधिवास वर आणि रोज दहा वेळा लागणारं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र खाली असं होतं. अंक घातले की क्रम तुमच्या मर्जीचा. दुसरं कारण पुढे येईलच.

आता दाखवायच्या पद्धती. गंगापूर रोडवाल्यांनी सांगितलेली जंप लिस्ट विंडोजचीच आहे, काही बसवावं लागत नाही, आणि फोल्डर कमी असतील तर तेवढी पुरते. फक्त एक जपायचं: पिन केलेल्या या याद्या विंडोज एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि साफसफाईची सॉफ्टवेअरं ‘जंप लिस्ट’वर खूण असली तर त्या पुसून टाकतात.

दुसरी पद्धत टास्कबारवर फोल्डरचंच बटण लावायची. डेस्कटॉपवर राइट-क्लिक, न्यू, शॉर्टकट. पत्त्याच्या चौकटीत इंग्रजीत एक्सप्लोरर हा शब्द, मग एक जागा सोडून दुहेरी अवतरणचिन्हांत मेनू फोल्डरचा पत्ता. नाव द्या, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयकॉन बदला. मग त्यावर राइट-क्लिक, शो मोअर ऑप्शन्स, पिन टू टास्कबार. आयकॉन आधी बदलायचा आणि मग पिन करायचं. यात यादीऐवजी खिडकी उघडते, म्हणून तुम्हाला हवं तसं ते नाही, पण ज्येष्ठ मंडळींना खिडकीच बरी वाटते.

टास्कबारच जुन्यासारखा करून देणारी सॉफ्टवेअरंही आहेत. ती विंडोजच्या आतल्या भागांना हात घालतात, त्यामुळे मोठं अपडेट आलं की त्यांचीही नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागू शकतं. कोर्टाच्या दारात दुकान आहे, तुमच्याकडे मी ती लावणार नाही.

मी तुमच्याकडे लावेन ते ऑटोहॉटकी, म्हणजे आपण लिहिलेल्या छोट्या सूचना (स्क्रिप्ट) चालवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, तीच घ्यायची. त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, दुसरीकडून नको. ते टास्कबारला अजिबात हात लावत नाही. वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट लिहायची. ती ‘मेनू’ फोल्डरमधून फिरते, फाइल दिसली की एक ओळ, फोल्डर दिसला की उपयादी, आणि शेवटी ती यादी माउसच्या जागी उघडते. ओळीवर क्लिक केलं की तो शॉर्टकट चालतो. स्क्रिप्टमध्ये एकाही मसुद्याचं नाव लिहायचं नसतं, नावं ती फोल्डरमधून वाचते. उद्या तुम्ही फोल्डरमध्ये नवा शॉर्टकट टाकला की पुढच्या क्लिकला तो मेनूत हजर.

या स्क्रिप्टसाठी एक शॉर्टकट करायचा, त्याच्या टार्गेटमध्ये आधी ऑटोहॉटकीच्या प्रोग्रॅमचा पत्ता आणि पुढे अवतरणात स्क्रिप्टचा पत्ता. तो टास्कबारवर पिन करून ओढत अगदी डावीकडे, पहिल्या जागी न्यायचा. पहिल्या जागेवरचं बटण विंडोज आणि १ या दोन कळा दाबूनही उघडतं. आता ते अंकांचं दुसरं कारण: मेनू उघडला की ओळीच्या पहिल्या अक्षराची कळ दाबून ती ओळ निवडता येते. म्हणजे विंडोज आणि १, मग नंबरपॅडवर १, मग ३, आणि ‘नावातील फरक’चं कोरं प्रतिज्ञापत्र समोर. माउसला हात नाही, कीबोर्ड मराठीवर आहे की इंग्रजीवर हे बघायचं नाही. तुमच्या मुलीचा हात इन्स्क्रिप्टवर बसलाय म्हणता, तिला आठ दिवसांत हे आकडे पाठ होतील.

स्क्रिप्ट निरोपातून पाठवतो. त्यात फोल्डरचा पत्ता एकाच ओळीत आहे, तेवढा तुमचा घाला.

टंकन_सीबीएस

दादा, एवढं कुणी मन लावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. स्क्रिप्ट मिळाली आणि चाललीसुद्धा.

टेम्पलेटचं आधी केलं. कामाचा दिवस असूनही बसून करून टाकलं, कारण ते वाचल्यावर थांबवेना. कंस घालताना लक्षात आलं की हक्कसोडपत्राच्या मसुद्यात गट नंबर चार ठिकाणी येतो आणि त्यातला एक अगदी शेवटच्या परिशिष्टात आहे. आता चारही जागी कंस आहेत.

दोन गोष्टी अडल्या. जुन्या मशिनवरून आणलेल्या काही फाइलींची नावं मेनूत विचित्र दिसतात, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं एकमेकांत मिसळलेली. आतला मजकूर मात्र वर्डमध्ये नीट मराठी दिसतो. दुसरं, दोन्ही मशिनवर एकच मेनू ठेवता येईल का? जुन्या मशिनवर मी बदल करायचे आणि नव्यावर तिने, असं झालं तर पुन्हा दोन वेगवेगळे मसुदे होतील.

नाशिकरोड_मशीनदुरुस्ती

नावांचं कारण फॉन्ट. त्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे कुठेही मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टच्या आहेत. तसल्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांना मराठी चेहरा चढवलेला असतो. वर्डमध्ये तो फॉन्ट लागलेला असल्याने मजकूर मराठी दिसतो, पण फाइलच्या नावाला विंडोज स्वतःचा फॉन्ट लावतं. नावं इन्स्क्रिप्टने पुन्हा टाइप करा, एवढाच उपाय. आतला मजकूर आज बदलला नाही तरी मेनू चालेल. मात्र जे मसुदे ऑनलाइन अर्जात चिकटवावे लागतात ते सवडीने युनिकोडमध्ये करून घ्या, कारण साइटवर चिकटवला की तोही मजकूर असाच विचित्र दिसतो.

दोन मशिनसाठी ‘मूळ मसुदे’ आणि ‘मेनू’ हे दोन्ही फोल्डर एकाच मशिनवर ठेवा, नव्या. ते शेअर करा आणि जुन्या मशिनवरच्या स्क्रिप्टला नेटवर्कचा पत्ता द्या. मेनूतले शॉर्टकटही नेटवर्कच्या पत्त्यानेच करायचे. डी ड्राइव्हचा पत्ता घालून केले तर जुनं मशीन स्वतःच्या डी ड्राइव्हमध्ये शोधायला जाईल आणि सापडणार नाही. मूळ मसुदे शेअर करताना फक्त वाचायची परवानगी द्या, बदल नव्या मशिनवर बसूनच करायचे असं ठरवा. सकाळी नवं मशीन आधी सुरू करायचं, नाहीतर जुन्यावरचा मेनू रिकामा येईल किंवा बराच वेळ अडकून राहील.

साइटही मेनूत घाला. सातबाऱ्याची भूलेख, कोर्टाच्या तारखांची ई-कोर्ट्स, सरकारी शुल्क भरायची ग्रास, ज्या रोज लागतात त्या. ब्राउझरमध्ये साइट उघडा आणि पत्त्याच्या डाव्या टोकाचं छोटं चिन्ह धरून फोल्डरमध्ये ओढून सोडा, शॉर्टकट तयार होतो. सर्च करून सरकारी साइटवर जाताना सारख्याच दिसणाऱ्या बनावट साइटवर लोक जातात. एकदा खात्री करून मेनूत ठेवलेला पत्ता जास्त सुरक्षित.

पंचवटी_लिनक्स

जुन्या मशिनबद्दल बोलतो. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसेल किंवा प्रोसेसर जुना असेल तर विंडोज ११ रीतसर बसणार नाही, आणि सपोर्ट संपलेलं विंडोज १० इंटरनेटला जोडून त्यावर लोकांचे आधार क्रमांक असलेली कागदपत्रं हाताळणं मला बरोबर वाटत नाही. घरच्या वापरासाठी मुदतवाढीची अपडेट्स ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण ती तात्पुरतीच सोय.

त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून बघा, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. तिथे तुम्हाला हवा तो मेनू आयता मिळतो. पॅनेलवर (तिथला टास्कबार) राइट-क्लिक, अ‍ॅड न्यू आयटम्स, त्यात ‘डिरेक्टरी मेनू’. फोल्डर दाखवला आणि फाइलीही दिसाव्यात म्हणून ‘फाइल पॅटर्न’मध्ये * घातलं की बटण तयार, क्लिक केलं की यादी, आत फोल्डर असला की उपयादी. विंडोज १० मध्ये होतं जवळजवळ तसंच. इन्स्क्रिप्ट आहे. वर्डच्या जागी तिथे लिबरऑफिस असतं, त्यातही टेम्पलेट उघडलं की नवी बिननावाची प्रतच उघडते.

नाशिकरोड_मशीनदुरुस्ती

सुरक्षिततेचा मुद्दा अगदी योग्य. फक्त दोन गोष्टी आधी तपासा. विंडोजचे शॉर्टकट लिनक्समध्ये चालत नाहीत, तिथे वेगळा मेनू फोल्डर करून त्यात लिनक्सच्या पद्धतीच्या लिंक कराव्या लागतील, मूळ मसुदे मात्र तेच राहतील. आणि वर्डमध्ये स्टॅम्प पेपरसाठी पहिल्या पानावर सोडलेली वरची मोकळी जागा लिबरऑफिसमध्ये थोडी इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून आधी साध्या लीगल कागदावर प्रिंट काढा, तो स्टॅम्प पेपरवर ठेवून उजेडात धरा आणि ओळ कुठे पडते ते बघा. जुळल्याशिवाय ५०० च्या कागदावर प्रिंट नको.

टंकन_सीबीएस

नावं पुन्हा टाइप केली, मेनू आता स्वच्छ मराठीत दिसतो. शेअरिंग सुरू आहे, मूळ मसुद्यांना फक्त वाचायची परवानगी. जुन्या मशिनचं पंचवटीच्या दादांनी सांगितलं ते सुट्टीच्या दिवशी करून बघणार आहे, तोवर त्याचं इंटरनेट काढून ठेवलं आहे आणि ते फक्त प्रिंटसाठी वापरतो.

‘रोजचे’ या यादीत कोणते नऊ ठेवायचे यावर मुलीशी बोलले. तिने रेशनकार्डाचं काढून त्या जागी शिक्षणातील खंडाचं घालायला सांगितलं, प्रवेशाच्या दिवसांत तेच लागतं म्हणून. तसं केलं आहे. प्रवेश आटोपले की शॉर्टकट बदलून टाकू.

एकच शेवटचं: मेनूच्या दोन गटांमध्ये आडवी रेघ आणता येते का? करार आणि अर्ज वेगळे दिसले तर बरं.

नाशिकरोड_मशीनदुरुस्ती

येते. ज्या जागी रेघ हवी तिथे बसेल अशा अंकाने सुरू होणारी एक रिकामी टेक्स्ट फाइल फोल्डरमध्ये ठेवा, नावात अंकापुढे दोन आडव्या रेघा घाला, बाकी काही नाही. स्क्रिप्टमध्ये तसं नाव दिसलं की ओळीऐवजी रेघ काढायची अशी दुरुस्ती करून नवी प्रत पाठवली आहे. ती जुन्या प्रतीच्या जागी त्याच नावाने ठेवा, पिन केलेलं बटण बदलावं लागणार नाही. फक्त पत्त्याची ओळ पुन्हा तुमची घालायला विसरू नका.